थांबत थांबत चालणारी माणसे

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिच्या आग्नेयेला, ग्रामाट्नॉयझीडल या गावाच्या हद्दीत, मारिएन्टाल नावाची एक गिरणवस्ती होती. १८३० मध्ये तिथे कापडगिरणी उभी राहिली आणि शंभर वर्षे त्या वस्तीचे घड्याळ गिरणीच्या पाळ्यांवर चालले. १९२९ च्या उन्हाळ्यात सूतकताईचे खाते बंद झाले, पाठोपाठ छपाई आणि ब्लीचिंग गेले, आणि १९३० च्या फेब्रुवारीत मागही थांबले. लगेच इमारती पाडायला सुरुवात झाली. कामगारांना घराच्या खिडकीतून दिसत होता तो आपल्याच खात्याचा ढिगारा. १,४८६ माणसे, ४७८ कुटुंबे. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश घरांत कमावते असे कोणी उरले नव्हते.

१९३१ च्या अखेरीस व्हिएन्नाहून तरुण संशोधकांचा एक गट या वस्तीत आला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल ही त्यांतली तीन नावे पुढे जगभर गेली. वय विशी-तिशीतले, राजकारणाने समाजवादी, शिक्षणाने मानसशास्त्र, कायदा नाहीतर गणित. लाझार्सफेल्डच्या मनात आधी कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायचे होते. समाजवादी पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्या कानावर त्याने ही कल्पना घातली, तेव्हा त्यांनी ती धुडकावून लावली. देशात लाखो माणसे कामावाचून बसलेली असताना फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे त्यांचे म्हणणे पडले. लाझार्सफेल्डनेच ही हकिकत पुढे सांगितली आहे. गंमत अशी, की मारिएन्टालमध्ये अखेर अभ्यास झाला तो वेळेचाच.

या अभ्यासावरचे पुस्तक १९३३ मध्ये लाइप्झिगहून निघाले, तेव्हा त्यावर लेखकांची नावे नव्हती. नावे ज्यू वाटणारी होती आणि हिटलर सत्तेवर आला होता. आज गुणात्मक संशोधनाच्या वर्गात ज्या संकल्पना व्याख्या पाठ करून शिकवल्या जातात, त्यांतल्या कितीतरी या छोट्या पुस्तकात अजून नाव न मिळालेल्या अवस्थेत सापडतात. म्हणून संकल्पनांच्या मागे जाण्यापेक्षा त्या वस्तीत जाणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिली अडचण अगदी साधी होती. बेकार माणसाच्या मनात काय चालले आहे, हे कळणार कसे? सरळ विचारावे तर उत्तर कोण विचारतो आहे त्यावर ठरते. शहरातून आलेल्या सुशिक्षित पाहुण्याला कोणी ‘चाललंय बरं’ म्हणून वाटेला लावतो, तर कोणी मदत मिळेल या आशेने दुःख चार अंगुळे वाढवून सांगतो. दोघांनाही खोटारडे म्हणता येत नाही. प्रश्नावली हातात घेतलेल्या माणसाला ही गोष्ट फार उशिरा कळते, की त्याने टिपलेले उत्तर हे दोन माणसांमधल्या त्या क्षणीच्या नात्याचे असते. आतल्या मनाचे असतेच असे नाही.

यावर या गटाने एक नियम केला. वस्तीत नुसता बघ्या म्हणून कोणी राहायचे नाही. वस्तीच्या उपयोगी पडेल असे काहीतरी काम प्रत्येकाने अंगावर घ्यायचे. व्हिएन्नात सुमारे दोनशे जुने कपडे गोळा करून ते वाटण्यात आले. डॉक्टरांनी मोफत तपासणी सुरू केली. बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग, मुलींसाठी व्यायामाचा वर्ग, आईबापांसाठी मुलांच्या वाढीविषयी सल्ला, असे उद्योग निघाले. लोटे डान्झिंगर ही संशोधक सहा आठवडे तिथेच राहिली. कपडे वाटण्याआधी तिने शंभर घरी जाऊन कोणाला काय हवे ते विचारले. त्या निमित्ताने घरात काय शिजते, भांडी घासलेली आहेत की नाही, मुलांचे कपडे ठिगळ लावलेले आहेत की नुसतेच फाटके, नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, हे सारे पाहिले गेले आणि टिपले गेले.

याला आज आपण सहभागी निरीक्षण म्हणतो. पद्धत म्हणून ती कमालीची फलदायी ठरली. पण कोटाच्या बदल्यात घराचा उंबरा ओलांडायला मिळतो आणि घरच्या माणसांना आपली नोंद होते आहे याची पुरती कल्पना नसते, तेव्हा या सहभागात थोडी हेरगिरी मिसळलेली असते. आजच्या विद्यापीठांतल्या नीतिसमित्यांनी हा आराखडा कदाचित परत पाठवला असता. मला वाटते परत पाठवणे चूक ठरले असते, पण प्रश्न विचारणे बरोबर ठरले असते. कपडे खरेच हवे होते आणि डॉक्टरही. संशोधकाने घेतले त्याच्या मोबदल्यात काहीतरी दिले, एवढे तरी या गटाने पाळले. पुढच्या पुष्कळ संशोधकांनी तेवढेही पाळलेले नाही.

दुसरी वाट होती माणसाला काहीच न विचारण्याची. कामगारांच्या ग्रंथालयाची नोंदवही त्यांनी तपासली. हातात वेळ आला, वाचनाची वर्गणीही माफ झाली, म्हणजे वाचन वाढायला हवे होते. १९२९ ते १९३१ या काळात पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पक्षाचे मुखपत्र असलेले गंभीर वृत्तपत्र बेकारांना स्वस्तात मिळत होते, तरी त्याचे वर्गणीदार साठ टक्क्यांनी घटले. करमणुकीचा मजकूर अधिक असलेले दुसरे पत्र मात्र सत्तावीस टक्क्यांवरच थांबले. संघटना, मंडळे, नाटकाची हौस सगळे विरत गेले. दुसऱ्याने चोरून काम केल्याच्या निनावी तक्रारी मात्र वाढल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा चौकशीत खोट्या निघाल्या. भत्ता घेणाऱ्याने चार पैशांचे काम केले तरी भत्ता तुटत असे, त्यामुळे अशी तक्रार म्हणजे शेजाऱ्याच्या ताटावर घातलेला हातच होता.

या शोधाचा सगळ्यांत प्रसिद्ध भाग मुख्य रस्त्यावर घडला. एका खिडकीआड बसून हातात घड्याळ घेऊन संशोधकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल मोजली. शंभर माणसे रस्त्यात किती वेळा थांबतात तेही मोजले. पुरुषांपैकी जवळपास दोन-तृतीयांश निदान दोनदा थांबले. न थांबता रस्ता पार करणारा दहांत एक. बायका त्यांच्या सुमारे दीडपट वेगाने चालत होत्या. ज्याला कुठे पोचायचे नाही त्याच्या पायांत वेळ कसा साचतो, हे कोणत्याही मुलाखतीत कोणी सांगितले नसते, कारण ते त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेत यूजीन वेब, डोनाल्ड कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी यांनी अशा न विचारता मिळणाऱ्या पुराव्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि या प्रकाराला शास्त्रीय नाव मिळाले. मारिएन्टालला ते आधीच होऊन गेले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे गुणात्मक संशोधन म्हणजे आकड्यांशी भांडण, असे पुष्कळांना वाटते. मारिएन्टालच्या गटाने तीस किलो कागद जमवले होते, आणि त्यांत आकडे व गोष्टी शेजारी शेजारी होत्या. प्रत्येक कुटुंबाचे कार्ड, बासष्ट जणांच्या सविस्तर जीवनकहाण्या, चाळीस कुटुंबांनी आठवडाभर काय खाल्ले त्याच्या नोंदी, ऐंशी जणांनी भरलेले दिवसाचे तक्ते, निवडणुकीचे निकाल, शाळेतल्या मुलांचे निबंध. एकाच गोष्टीकडे अशा निरनिराळ्या ठिकाणांहून पाहण्याला पुढे त्रिकोणीकरण हे नाव पडले. शब्द जमीनमोजणीतला आहे. दोन ठाऊक ठिकाणांवरून कोन घेऊन तिसरे, जिथे पाऊल टाकता येत नाही ते ठिकाण नकाशावर आणतात. माणसाचे मन हे असे तिसरे ठिकाण आहे.

दिवसाच्या तक्त्यांचेच पाहा. पुरुषांना तासागणिक काय केले ते लिहायला सांगितले. एकाला सकाळी उठणे, दुपारचे जेवण आणि रात्री झोपणे एवढीच ठळक ठिकाणे आठवली. मधल्या तासांबद्दल लिहिताना त्याने जे लिहिले त्याचा सारांश एवढाच, की होता होता दुपार होते. तो खोटे लिहीत नव्हता. त्या तासांत त्याने सरपण आणले असेल, मुलाला शाळेतून घेतले असेल, भिंतीला टेकून उभा राहिला असेल. पण जी गोष्ट आत्ता केली काय अन् नंतर केली काय सारखीच, ती लक्षात राहत नाही. आधुनिक मानसशास्त्रात काळाच्या जाणिवेवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. हा तक्ता मला त्यांतल्या अनेकांपेक्षा बोलका वाटतो.

आणि मुलांचे निबंध. नाताळात तुला काय हवे, हा विषय. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मागण्या पुऱ्या करायच्या तर सरासरी छत्तीस शिलिंग लागले असते. मारिएन्टालच्या मुलांच्या मागण्यांना बारा. एवढ्यावर सांख्यिकी थांबते. संशोधकांनी पुढे जाऊन वाक्यांचे व्याकरण पाहिले. मारिएन्टालची मुले ‘मला हवे’ असे लिहीत नव्हती. आईबाबांकडे पैसे असते तर अमुक मागितले असते, अशा वळणाने लिहीत होती. ज्याला आपण शाळेत संकेतार्थ म्हणून शिकलो, त्या ‘असते तर… केले असते’च्या रूपात दहा-बारा वर्षांचे मूल आपली इच्छा मांडते, तेव्हा ती मांडतानाच तिने माघार घेतलेली असते. मजकुराच्या आशयाबरोबर त्याचे रूप वाचण्याची ही रीत पुढे कथन-विश्लेषण या नावाने मोठी झाली. साहित्याच्या वाचकाला तिचे नवल वाटू नये. कवितेशी तो हेच करत असतो.

या सगळ्या सामग्रीतून संशोधकांनी घरांचे चार प्रकार केले. न मोडलेली, निमूटपणे जुळवून घेतलेली, हताश आणि सगळे सोडून दिलेली. जवळून पाहिलेल्या शंभर कुटुंबांत पहिल्या प्रकारची सोळा, दुसऱ्या प्रकारची अठ्ठेचाळीस, तिसऱ्याची अकरा आणि चौथ्याची पंचवीस निघाली. मग मुलांचा आणि मोठ्यांचा वाटा वेगवेगळा धरून त्यांनी दरडोई मासिक प्राप्ती काढली. न मोडलेल्या घरांत ती चौतीस शिलिंग, निमूट घरांत तीस, हताश घरांत पंचवीस, सोडून दिलेल्यांत एकोणीस. म्हणजे स्वभावाचे म्हणून जे वाटत होते त्याची पायरी पंधरा शिलिंगांच्या आत उतरत गेली. भत्त्याची मुदत संपत जाईल तसे आजचे निमूट घर उद्या कुठल्या पायरीवर असेल, याचा अंदाज बांधता येत होता.

हे कोष्टक फार गाजले. त्याच्यावर एक आक्षेप घेता येतो. ‘निमूट’ हा शब्द कोणाचा? त्या घरांत मुले नीटनेटकी होती, चूल वेळेवर पेटत होती. उद्याचे बेत मात्र नव्हते. व्हिएन्नातल्या समाजवादी तरुणांना बेकार कामगार पेटून उठेल अशी आशा होती, आणि त्या आशेच्या मापाने त्यांना घरे निमूट दिसली. त्या बाईला विचारले असते तर तिने कदाचित याला टिकून राहणे म्हटले असते. संशोधकाची स्वतःची भूमिका त्याच्या वर्गवारीत उतरते, आणि म्हणून ती उघड करून ठेवावी, या आग्रहाला हल्ली आत्मपरीक्षणशीलता असे जड नाव आहे. मात्र त्याच पुस्तकात आक्षेपाला उत्तर देणारा पुरावाही ठेवलेला आहे. पोटाला बटाटा पुरत नसताना या लोकांनी भाजीच्या वाफ्यांत फुले लावली होती. निमूट म्हटलेल्यांची ही फुले संशोधकांनी दडवली नाहीत.

बायकांचे चित्र निराळे होते. गिरणी गेली तरी त्यांचा स्वयंपाक, धुणे, शिवण, मुले गेली नव्हती. उलट कमी पैशांत तेच करायचे म्हणजे काम वाढले होते. त्यांचे दिवस गच्च भरलेले होते. तरीही कित्येकींनी पुन्हा गिरणीत जायला आवडेल असे सांगितले, आणि ते फक्त पगारासाठी नव्हे. गिरणीत माणसे भेटत होती, घराबाहेर एक जग होते. याहोडाच्या पुढच्या सगळ्या विचाराचे बी मला या उत्तरांत दिसते. १९८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तिने मांडले, की नोकरीचा उघड हेतू पैसा असला तरी तिच्या पोटात पाच गोष्टी आपसूक मिळतात: दिवसाला आकार, घराबाहेरच्यांशी संबंध, एकट्याच्या पलीकडच्या कामात वाटा, समाजात एक जागा आणि नेमाने हातपाय हलवणे. या पाचांना तिने नोकरीची सुप्त कार्ये म्हटले. उघड आणि सुप्त कार्य हा भेद समाजशास्त्रात रॉबर्ट मर्टनने रूढ केला होता. याहोडाने तो बेकाराच्या दिवसाला लावून पाहिला. नोकरी वाईट असली, मुकादम छळणारा असला, तरी या गोष्टी मिळतात आणि गेल्या की माणूस पोकळ होतो, हे तिचे म्हणणे. टीकाकार म्हणतात की माणूस इतका बाहेरून घडत नाही, पैशाची चणचण हेच मूळ दुखणे आहे. वाद अजून मिटलेला नाही, आणि पंधरा शिलिंगांचे ते कोष्टक दोन्ही बाजूंना कामाला येते.

याहोडाच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगायला हवा. भूमिगत राजकीय कामासाठी १९३६ मध्ये तिला व्हिएन्नात अटक झाली. देश सोडण्याच्या अटीवर पुढच्या वर्षी ती सुटली आणि इंग्लंडला गेली. तिथे वेल्समध्ये बेकार खाणकामगारांसाठी क्वेकर मंडळींनी एक योजना चालवली होती. आपल्याला लागणाऱ्या वस्तू कामगारांनी आपणच पिकवायच्या, बनवायच्या आणि स्वस्तात घ्यायच्या, मजुरी नाही. तिने त्यांच्यात राहून अभ्यास केला आणि योजनेत मोठ्या उणिवा आहेत असा निष्कर्ष निघाला. योजना ज्याच्या जिवाची होती त्या गृहस्थाने तो वाचला आणि त्याला फार लागले. याच माणसाने व्हिएन्नात अडकलेल्या तिच्या घरच्यांना मदत केली होती. तिने अहवाल छापला नाही. तो बाहेर आला १९८७ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी. क्षेत्रात राहून काम करणाऱ्याला घरोबा टाळता येत नाही आणि घरोब्याची किंमत शेवटी कागदाला द्यावी लागते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मारिएन्टालमध्ये घटना घडत असतानाच माणसे पाहिली गेली. पण संशोधक पोचेपर्यंत वीस-तीस वर्षे गेलेली असतील तर? तेव्हा हातात फक्त आठवण असते, आणि आठवण चुकते. इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकाने या चुकीलाच पुरावा मानले. १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेला. पण म्हातारे कामगार पोर्तेल्लीला ही गोष्ट सांगताना हा मृत्यू १९५३ मध्ये नेऊन ठेवत होते. त्या वर्षी कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली होती आणि रस्त्यावर लढाई पेटली होती. राजकीय कराराच्या निषेधात, जवळजवळ अपघाताने गेलेला साथीदार त्यांच्या मनाला पेलत नव्हता. त्यांनी त्याला अशा दिवशी मरू दिले, जिथे त्याच्या मरणाला अर्थ होता. सनावळी तपासणारा इतिहासकार ही साक्ष बाद करील. पोर्तेल्लीने तारीख कागदपत्रांवरून पक्की केली, आणि मग खरी तारीख व सांगितलेली तारीख यांतले चार वर्षांचे अंतर हाच अभ्यासाचा विषय केला. मौखिक इतिहासाची उंची या उदाहरणावरून मोजावी.

हे सगळे वाचताना मुंबईचा वाचक गिरणगावात न गेला तरच नवल. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले. त्या संपाला सुरुवातीची तारीख आहे, शेवटाची नाही. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा प्रत्येक घरात तो वेगळ्या दिवशी संपला असणार, आणि तो दिवस घरच्या माणसालाच विचारावा लागेल. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरेक आवाज गोळा करून २००४ मध्ये पुस्तक केले, त्यात या वस्तीने स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगितली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरचे घर रंगमंचावर आणले. मारिएन्टालशी तुलना मात्र जपून करावी. तिथल्या कामगाराला परतायला गाव नव्हते. इथल्या पुष्कळांना कोकणात किंवा घाटावर होते, आणि गावी जाणे म्हणजे घरची खाणारी तोंडे वाढवणे हेही होते. बायकांची गोष्टही वेगळी. गिरणगावात त्यांनी खाणावळी चालवल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्या खाणावळवाल्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. संपात गिऱ्हाईकाचाच पगार थांबल्यावर त्या डब्यांच्या हिशेबाचे काय झाले, हा याहोडाला विचारावासा वाटला असता असा प्रश्न आहे.

२०२० च्या ऑक्टोबरात त्याच ग्रामाट्नॉयझीडलमध्ये एक प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असेल तर, पगाराचे काम देण्याची हमी. सुमारे साठ माणसे त्यात आली. काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे आधी काम मिळाले, काहींना चार महिन्यांनी, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता आली. शिवाय समाजशास्त्रज्ञांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. मापे याहोडाच्या पाच गोष्टींवर बेतलेली होती. दिवसाला आकार येणे, माणसांत मिसळणे, समाजातली जागा, मनाचे स्वास्थ्य यांत स्पष्ट सुधारणा दिसली. शरीराच्या आरोग्यात तशी दिसली नाही. युरोपात ही हमी नवलाची ठरली. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात पाय रोवलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली होती. पण आपण तिचे मोजमाप केले ते मनुष्यदिवसांत, मजुरीत आणि पाझर तलावांत. खडी फोडायला रोज घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या दिवसाला त्यामुळे कोणता आकार आला, हे मोजण्यासारखे आहे असे फारसे कोणाला वाटले नाही.

गिरणगावासाठी घड्याळ घेऊन खिडकीत बसण्याची वेळ गेली. नोंदवह्या मात्र अजून काही ठिकाणी असतील. वाचनालयांची देवघेवीची पुस्तके, व्यायामशाळांच्या हजेऱ्या, भजनी मंडळांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, खाणावळींच्या उधारीच्या वह्या, वाण्याची खाती, १९८१ ते १९८४ ची. चाळ पुनर्विकासाला जाते तेव्हा माळ्यावरचे असे कागद रद्दीत जातात. ज्यांच्या घरात, मंडळात ते आहेत त्यांनी ते एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे द्यावेत. आणि देताना त्या चार वर्षांत घरात काय झाले तेही कोणालातरी सांगून ठेवावे, तारीख चुकली तरी चालेल.